बनाबाईंच्या अकरा कुप्या

"मी मेले, आन् हे बाटलीतलं वाढतच ऱ्हायलं, तर मेलं कोन म्हनायचं?"

हा प्रश्न बनाबाई पडवळ यांनी २०२१च्या मार्च महिन्यात, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता विचारला. पुढील मजकूर जिच्याविषयी आहे ती ललिता शिंगे त्या वेळी त्यांच्या शेजारी उभी होती. तिला उत्तर देता आले नाही. या लेखनालाही ते देता आलेले नाही; प्रश्नाच्या भोवती जे घडले ते क्रमाने सांगणे, एवढेच त्याच्या आवाक्यात आहे.

ललिता ही कंदलगावच्या धोंडीराम शिंगे यांची थोरली मुलगी. गायीम्हशींचे कृत्रिम रेतन करण्यात धोंडीरामांची हयात गेली. त्यांच्या मोटारसायकलच्या मागे अॅल्युमिनियमचा एक कंटेनर बांधलेला असे. लांबून दुधाच्या किटलीसारखा, पण गळ्याशी अरुंद. त्यात उणे एकशे शहाण्णव अंशांचा द्रवरूप नायट्रोजन आणि त्या थंडीत बुडालेल्या, अर्ध्या उदबत्तीएवढ्या कांड्यांतून गोठवलेल्या रेतमात्रा. गोठ्यात सगळे त्यांना 'डॉक्टर' म्हणत. चहा मात्र काही घरांतून बरीच वर्षे वेगळ्या कपात येई. धोंडीराम तो कप तसाच पालथा घालत, "म्हस गाभण ऱ्हायली की बघू चहाचं," म्हणत आणि गाडीला किक मारत. हे बौद्ध घर १९५६पासूनचे. पालथ्या कपाची रीत ललिताच्या आज्याने घातलेली होती.

धोंडीरामांनी मुलीला शाळेच्या वयातच दोन गोष्टी शिकवल्या. पहिली पट्टीची. कंटेनरच्या गळ्यातून आत डोकावले तर वाफेखेरीज काही दिसत नाही. म्हणून शिसवाची काळी पट्टी तळापर्यंत सोडायची, मनात वीस मोजायचे, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायची. जेवढी पट्टी बुडाली होती तेवढ्या भागावर पांढरे दव धरते. दव जिथे संपते ती नायट्रोजनची उंची. दुसरी गोष्ट मोजणीची. कांडी गळ्याच्या वर आली की आठ मोजायचे आणि त्याच्या आत काम उरकायचे. "नवव्याला ती मेली समज. दिसंल जित्यावानी, पर मेली. मग मालक तीन आठवडं म्हशीकडं बघत बसतो आन् नंतर आपल्या नावानं शंख करतो."

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, मग प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, मग सहा वर्षे रक्त-लघवी तपासणाऱ्या एका केंद्रातली नोकरी, असा ललिताचा प्रवास आहे. त्यात सांगण्यासारखे नाट्य नाही. २०१८ साली ती राजारामपुरीतल्या नव्या केंद्रात आली. खाली शिकवणी वर्ग, शेजारी दाताचा दवाखाना आणि दुसऱ्या मजल्यावर एका खासगी न्यासाने चालवलेली ही दोन खोल्यांची प्रयोगशाळा. प्रमुख होत्या डॉ. अनुजा इंगवले, यकृताच्या कर्करोगाच्या तज्ज्ञ. रुग्णाच्या गाठीतला एखादा तुकडा घेऊन त्यापासून शरीराबाहेर चिमुकले गोळे वाढवायचे, आणि औषधे आधी त्या गोळ्यांवर तपासायची, हे त्यांना करायचे होते. या गोळ्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. सपाट बशीत पसरून वाढवलेली पेशी हळूहळू आपला मूळ स्वभाव विसरते. गोळ्यात वाढलेली तो बऱ्याच अंशी टिकवते. गाठ ज्या औषधाला दाद देणार नाही, त्याला गोळाही सहसा देत नाही.

एका परिषदेत अनुजांना जाणत्यांनी सांगितले होते की हे काम कोल्हापुरात होण्यासारखे नाही. वीज, पाणी, सामान, हाताखालची माणसे, काहीच तिथे त्या तोलाचे नाही. परत आल्यावर त्यांनी ललिताला विचारले, "होईल?"

"न व्हायला काय झालं, मॅडम? पेशीला काय कळतंय पुणं कुठलं आणि कोल्हापूर कुठलं?"

पेशीला कळत नव्हते. पण तिला दुसरे बरेच काही कळत होते. शस्त्रक्रियेतून हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा बर्फात यायचा. तो बारीक चिरायचा, विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, पाण्यात सोडवायचा, सुट्या झालेल्या पेशी एका जेलमध्ये कालवायच्या. हे जेल बर्फावर पातळ असते आणि खोलीच्या उबेला थिजते. हात रेंगाळला की नळीतच थिजून बसते. त्याचे थेंब बशीत टाकायचे, बशी उलटी करायची, म्हणजे थेंब घुमटासारखा लोंबतो आणि पेशी तळाला चिकटत नाहीत. मग दर तिसऱ्या दिवशी पोषक द्रव बदलायचा. सणवार, बंद, घरातले लग्न, कशाचीही सवलत नाही. इतके करून तीन रुग्णांपैकी जवळजवळ दोघांच्या पेशी वाढतच नसत. पहिल्या तीन वर्षांत चोपन्न रुग्णांचे तुकडे आले आणि एकोणीस जणांचे गोळे वाढले. ते थोडे थोडे कुप्यांत भरून, नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवले जात. टाकीत एकशे सव्वीस कुप्या होत्या. त्यांपैकी अकरा बनाबाईंच्या होत्या.

बनाबाई गगनबावड्याजवळच्या एका वाडीवरच्या. वय सत्तावन्न, घरी दोन म्हशी आणि डोंगरउताराची थोडी भातशेती. दारूचा थेंब आयुष्यात घेतला नव्हता. जुन्या काविळीच्या विषाणूने यकृत आतून पोखरले होते. तरीही वाडीवर कुजबुज झाली की न पिता कुणाचे लिव्हर जाते का. बनाबाईंनी त्यावर भर पाणवठ्यावर विचारले होते, "पिनाऱ्यांची नावं सांगू का एकेकाची? त्यांची लिव्हरं बरी टनटनीत हायती." कुजबुज थांबली.

फेब्रुवारीत त्यांची शस्त्रक्रिया झाली. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यांनी ते अनुजांकडून दोनदा वाचून घेतले आणि एक अट तोंडी घातली: वाढले तर मला दाखवायचे. बहुतेक रुग्ण असे म्हणतात आणि विसरतात. बनाबाई मार्चमध्ये एस.टी.ने आल्या, मास्क हनुवटीवर सरकवून जिना चढल्या आणि दारातच म्हणाल्या, "कुठाय माझं?"

ललिताने बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बनाबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"ह्ये तर बेडकाची अंडी हायती की गं."

"तसंच दिसतं मावशी. पण तुमच्याच गाठीतलं आहे."

"खातं काय?"

"साखर, प्रथिनं, आणखी काही काही. दर तिसऱ्या दिवशी आम्ही घालतो."

"म्हंजी मला सोडायचं न्हाय, आन् तुमच्याकडं बी पोसून घ्यायचं. लईच निलाजरं हाय." आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. जाता जाता बनाबाई तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मला मारायला आलेलं हाय ते. त्येला आपन कामाला लावू."

मे महिन्यात गाठी परत आल्या. गोळ्या सुरू झाल्या. जुलैच्या तपासणीत गाठी कमी होण्याऐवजी वाढलेल्या दिसल्या. औषध बदलायला हवे होते, पण दोन पर्यायांपैकी कोणते, हे सांगता येत नव्हते, आणि यकृत इतके अशक्त झाले होते की चुकीच्या औषधावर दवडायला महिने उरले नव्हते. नवा तुकडा काढणेही आता धोक्याचे होते. म्हणून ऑगस्टमध्ये अकरांपैकी काही कुप्या वितळवून, गोळे पुन्हा वाढवून, चालू आणि दोन पर्यायी अशी तिन्ही औषधे त्यांच्यावर तपासायची, असे ठरले. त्या कुप्या हाच बनाबाईंच्या आजाराचा हाताशी असलेला एकमेव साक्षीदार होता.

जुलैच्या अखेरच्या आठवड्यात पंचगंगा पात्राबाहेर आली. राजारामपुरी उंचावर असल्याने तिथे पाणी येत नाही. पण महामार्ग बंद झाला, वीज तासातासाने जाऊ लागली. डॉ. अनुजा पुण्यात अडकल्या. त्या उन्हाळ्यात ऑक्सिजनच्या धावपळीमुळे नायट्रोजनचा पुरवठा आधीच ओढाताणीचा झाला होता. आता पुरवठादाराची गाडीच येणार नव्हती.

शनिवारी सकाळी ललिताला टाकीच्या गळ्याशी घाम दिसला. धातूवर पाण्याचे बारीक मणी. टाकीवरच्या मीटरमध्ये मात्र चाळीस टक्के हा आकडा शांतपणे उजळलेला होता, आणि चाळीस टक्के म्हणजे अजून दोन आठवड्यांची निश्चिंती. दुसऱ्या कुणी मीटर वाचून नोंद केली असती आणि पुढच्या कामाला लागले असते. पण कंटेनरच्या मानेला घाम आला की तिचे आबा, धोंडीराम, तो उन्हात ठेवून सरळ भंगारात देत, हे तिने लहानपणी पाहिले होते. टाकीच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी फुटली की बाहेरची ऊब आत शिरते आणि नायट्रोजन उडून जातो.

तिची स्वतःची शिसवाची पट्टी खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. व्यवस्थापक पृथ्वीराज सावर्डेकर यांनी ती एकदा तिच्या हातात पाहिली होती आणि "गोठ्यातले प्रकार इथे नकोत" असे सांगून बंद केली होती. ललिताने ती काढली, पुसली, टाकीत सोडली, वीस मोजले. दवाची रेघ तळापासून चार बोटांवर होती.

रविवारी ती तीन बोटांवर आली. खालच्या कप्प्यातल्या कुप्या बुडालेल्या होत्या. वरचे दोन कप्पे आता केवळ थंड वाफेत होते. बनाबाईंच्या कुप्या वरून दुसऱ्या कप्प्यात होत्या.

तिने सावर्डेकरांना फोन केला. ते शाहूपुरीत, तळमजल्यात शिरलेले पाणी उपसत होते.

"मीटर किती दाखवतोय, शिंगे मॅडम?"

"चाळीस. पण सर, मी पट्टी बुडवली..."

"पुन्हा ती काठी? लाखाची टाकी आहे ती, कंपनीचा मीटर आहे. काठीनं शास्त्र चालत नाही. पाणी उतरलं की पुरवठादार येईल, तोपर्यंत टाकीला हात लावायचा नाही. आणि समितीच्या लेखी परवानगीशिवाय एक नमुनाही इमारतीबाहेर जाणार नाही. हे मी रेकॉर्डवर सांगतोय."

"रेकॉर्डवर हेही घ्या सर, की मी सांगितलं होतं."

अनुजांचा फोन तिसऱ्या प्रयत्नाला लागला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुझ्या पट्टीवर माझा विश्वास आहे, ललिता. पण इथून मी लेखी काही देऊ शकत नाही. नियम माझ्याच सहीचा आहे."

एवढ्यात बनाबाईंचा फोन आला. गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली होता. रेंज मात्र त्या दिवशी कशी कोण जाणे मिळाली होती.

"ललिते, कसं हाय गं?"

"आम्ही बरे आहोत मावशी. तुम्ही कशा आहात?"

"मी हाय हितं, चुलीम्होरं. माझं तिकडलं कसं हाय त्ये इचारतीया."

ललिताने खोटे सांगितले नाही. टाकी फुटलीय, थंडी उतरतेय, साहेब हात लावू देत नाहीत.

"त्यो साहेब न्हाय म्हनतोय? त्याचं हाय का माझं हाय?"

"तुमचं आहे."

"मग मी सांगतीया. काढ ते. दूध नासाय लागल्यावर परवानगी इचारत कोन बसतंय गं?"

ललिताने नोंदवहीत लिहिले: रविवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे, रुग्ण क्रमांक सदतीस यांची दूरध्वनीवरून तोंडी संमती. मग तिने वडिलांना फोन लावला.

धोंडीरामांचा स्वतःचा कंटेनर तीन लिटरचा. त्यात तीसेक कुप्यांपलीकडे काही मावले नसते. पण कंदलगावच्या दूध संस्थेत पंचवीस लिटरचा मोठा कंटेनर होता, आणि पूर येणार म्हणून संस्थेने तो आठवड्यापूर्वीच काठोकाठ भरून घेतला होता. आतल्या सहा नळकांड्यांपैकी दोहोंत मुऱ्हा रेड्यांच्या रेतमात्रा, चार मोकळी. संस्थेचे सचिव बाळासो चौगुले यांना धोंडीरामांनी गाठले, तेव्हा ते संकलन यंत्राशेजारी दुधाचे फॅट मोजत बसले होते.

"डॉक्टर, काय म्हनताय काय? आमच्या रेड्यांच्या शेजारी मानसांची लिव्हरं ठेवायची?"

"लिव्हर न्हाय, लिव्हरातली गाठ."

"म्हंजी क्यान्सर! लागला तर रेड्यास्नी?"

"बाळासो, बंद कुपी हाय ती. आन् तुझ्या रेड्याला लिव्हर हाय का त्या कांडीत?"

बाळासो हसले, मग गंभीर झाले. "कुनाचं हाय?"

"गगनबावड्याकडची बाई हाय. दोन म्हशी हायती तिच्या."

"मग असं आधी सांगायचं की," बाळासो उठले. "न्या. पर कंटेनर रोज सकाळी हितं पायजे. पुरात बी म्हशी माजावर येत्यात, त्यास्नी पुराचं काय?"

कुप्या इमारतीबाहेर गेल्या त्या या अटीपोटी. कंटेनर प्रयोगशाळेत ठेवून घेता आला असता तर नियम मोडलाच नसता. पण पुरात अडकलेल्या शेतकऱ्यांच्या वाटणीची थंडी ललिताला हिरावून घ्यायची नव्हती. सोमवारी सकाळी संस्थेच्या टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळलेला कंटेनर राजारामपुरीत आला. चौऱ्याहत्तर वर्षांचे धोंडीराम तो दुसऱ्या मजल्यापर्यंत ललितासोबत एका कडेने धरून चढले आणि वर आल्यावर म्हणाले, "घाम बघितलास हिच्या मानंला? भंगार हाय ही टाकी."

"चाळीस टक्के आहे म्हणतात, आबा."

"मग त्यास्नी म्हनावं त्यातलं इस टक्के मला द्या."

कामाला दोन तास लागले. ललिता लांब चिमट्याने कुप्या काढी, धोंडीराम मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन; बहुतेक वेळा पाचाच्या आत कुपी पुन्हा धुरात बुडे. एकोणीस रुग्ण, शंभरावर कुप्या, आणि म्हाताऱ्याचा आवाज एकदाही घाईत आला नाही. बनाबाईंच्या दहा कुप्या नीट गेल्या. अकरावी चिमट्यातून निसटली, फरशीवर पडली आणि टेबलाच्या पायाखाली घरंगळली. धोंडीराम मोजत राहिले. सहा, सात, आठ, नऊ. ललिताने ती हातमोज्यात पकडली तेव्हा आकडा चौदावर होता.

"टाक ती," धोंडीराम म्हणाले. "मेली."

ललिताने टाकली नाही. तिने कुपीला लाल दोरा बांधला, इतरांपासून वेगळी बुडवली आणि नोंदवहीत लिहिले: कुपी अकरा, हवेत चौदा सेकंद, जिवंत असण्याची खात्री नाही.

"मेलेलीला कशाला जागा?"

"आबा, तुमची मोजणी कांडीची आहे. कुपी जाड असते."

धोंडीरामांनी हुंकार भरला. त्यांचा नियम आजवर कुणी दुरुस्त केला नव्हता.

गुरुवारी राजारामपुरीतली टाकी कोरडी झाली. मीटर चाळीस टक्केच दाखवत होता. पुढे दुरुस्तीला आलेल्या माणसाने सांगितले की आदल्या आठवड्यात वीज गेली तेव्हा त्याने शेवटचा आकडा धरून ठेवला होता आणि तिथून तो हललाच नव्हता.

नवी टाकी येईपर्यंत बारा दिवस कुप्या कंदलगावच्या दूध संस्थेत, संकलन यंत्राच्या मागे राहिल्या. ललिता रोज सकाळी तिथे जाऊन पट्टी बुडवी आणि सेंटिमीटर लिहून घेई. दूध घालायला आलेल्या बाया विचारत, "आज किती हाय गं थंडी?" आणि ती सांगे. बनाबाईंना फोनवर जागा कळवली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हशीचं हाय व्हय शेजारी? बरं झालं. वळखीची सोबत घावली."

ऑगस्टच्या मध्यावर त्यांच्या दोन कुप्या वितळवल्या. चार दिवस बशीत नुसता गाळ होता. पाचव्या दिवशी ललिता एकटीच सूक्ष्मदर्शकाशी होती. गाळाच्या कडेला तिला एक गोल, चमकदार किनार दिसली. दुसऱ्या दिवशी तशा नऊ होत्या. तिसऱ्या आठवड्यात, गोळे पुरेसे झाल्यावर, ते खाचांच्या बशीत वाटून तिन्ही औषधे चढत्या मात्रांत घातली आणि पाच दिवसांनी जिवंत पेशी मोजल्या. बनाबाई घेत होत्या त्या औषधात गोळे जणू काही झालेच नाही असे वाढले होते. दुसऱ्यात निम्मे उरले. तिसऱ्यात पाचांमागे एकही उरला नाही.

अनुजांनी बनाबाईंना समोर बसवून सांगितले, "हे सिद्ध झालेलं नाही. बशीत जे होतं ते शरीरात होईलच असं नाही. हा फक्त एक इशारा आहे."

"पर आत्ताच्या गोळ्या त्येला गुदगुल्या करत्यात, ह्ये तर खरं?"

"तसं दिसतंय."

"मग तोंड सोलून, पाय सोलून मी त्या का गिळू? तिसरी द्या. नसंल चालत तर नसंल. मला त्येच्याशी भांडायचं हाय, त्येची चाकरी न्हाय करायची."

सप्टेंबरमध्ये ललिताची चौकशी झाली. तिघांची समिती, मध्ये पाण्याचे पेले, बाजूला सावर्डेकर. रुग्णांचे नमुने विनापरवाना इमारतीबाहेर नेणे आणि ते जनावरांच्या रेतमात्रांसोबत ठेवणे, असे दोन ठपके होते. टाकी कोरडी झाल्याचा अहवाल समितीपुढे होताच. त्यामुळे सूर सौम्य होता. सावर्डेकरही त्या दिवशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. एक माफीपत्र द्यावे, म्हणजे विषय मिटेल, असे सुचवण्यात आले.

"म्हशीच्या रेतमात्रांशेजारी माणसाचे नमुने, हे तुम्हाला खटकलं नाही?" एका सदस्याने विचारले.

"उणे एकशे शहाण्णवला कुणी कुणाला शिवत नाही, सर."

खोलीत कुणीतरी खाकरले.

"परिणाम चांगला झाला, हे मान्य आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण पद्धत चुकली."

"पद्धत चुकली नाही म्हणून परिणाम चांगला झाला. टाकीत किती नायट्रोजन आहे हे मी मोजलं. बाकी सगळ्यांनी वाचलं."

"आणि एकोणीस रुग्णांपैकी एकाचीच संमती घेतलीत. उरलेल्या अठरांचं काय?"

"सहा जण तोवर वारले होते. बाकी बारांना विचारायला वेळ काढायला हवा होता, तो मी काढला नाही. ही चूक माझी. तेवढी लिहा, त्याखाली सही करते. नायट्रोजनबद्दल माफी मागणार नाही."

तिने माफीपत्राच्या जागी पाच पानी नोंद दिली: तारीख, वेळ, दवाची उंची, मीटरचा आकडा, शेवटी बारा नावांच्या जागी बारा क्रमांक आणि 'विचारले नाही' हे दोन शब्द. समितीने ती ठेवून घेतली. तिला नोकरीत कायम करण्याचा कागद, जो त्या दिवाळीत निघायचा होता, तो दोन वर्षे निघाला नाही. घरी धोंडीरामांना तिने चौकशीची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "चहा दिला का?"

"दिला."

"कप?"

"सगळ्यांसारखाच होता, आबा. मी पालथा घातला."

तिसऱ्या औषधावर बनाबाईंच्या गाठी वर्षभर आहे तिथे थांबल्या, मग सावकाश पुन्हा सरकू लागल्या. त्या मधल्या काळात त्या दर तीन महिन्यांनी राजारामपुरीत येत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत आणि गोळ्यांना उद्देशून दोन शिव्या देत. शेवटच्या खेपेला त्यांना जिना चढवेना. ललिताने बशीचे छायाचित्र खाली रिक्षापर्यंत नेऊन दाखवले. "सगळ्या संपवू नकोस," त्या म्हणाल्या. "माझ्यामागं ज्यास्नी हा रोग हुईल त्यांच्या कामाला ठेव थोडं. आन् त्यास्नी सांग, ह्येचा उगम दारू न्हवं."

बनाबाई पडवळ ९ जानेवारी २०२४ रोजी वाडीवरच्या घरी वारल्या. त्यांच्या दहा कुप्या तोवर एकामागून एक वापरून संपल्या होत्या. १० जून २०२५ रोजी नव्या एका औषधाच्या तपासणीसाठी ललिता शिंगे यांनी लाल दोऱ्याची अकरावी कुपी वितळवली, आणि नवव्या दिवशी बशीत सदतीस गोळे मोजले गेले.